खैरतळ्याचा तळ

खैरतळ्याच्या पोटातल्या गाळाचा एक उभा नमुना वरपासून तळापर्यंत, एकही थर न मोडता, अखंड बाहेर काढायचा! मोहीम एवढीच होती, पण ती आजच फत्ते व्हायला हवी होती.

चांदवडच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला, माळरानाच्या खोलगट बशीत पसरलेलं हे तळं यंदाच्या मे महिन्यात कधी नव्हे इतकं आटलं होतं. बांधालगत तेवढं पाणी उरलं होतं. त्यापलीकडे वरून वाळलेला, आतून ओला गाळ थेट पश्चिमेच्या नाल्यापर्यंत पसरला होता. सोमवारी त्या नाल्यातून पाटाचं पाणी तळ्यात सुटणार होतं. मग मधला भाग बुडणार, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाळ उपसणारी यंत्रं तिथवर पोचणार. पूर्वेकडचा निम्मा तळ त्यांनी यंदाच खरवडून शेतांत नेऊन टाकला होता. आज रविवार होता.

पत्र्याच्या होडीत तिघं जण बसले होते. वल्हं रावजीच्या हातात होतं. तळ्याकाठच्या भिल्ल वस्तीतला हा साठीचा मासेमार; अंगाने काटक, बोलायला मोकळा. पुढे बसली होती तेजस्विनी. विद्यापीठात ती तळ्यांच्या गाळावर संशोधन करायची. आणि मधे, मांडीवर एक लांबलचक पाइप आडवा घेऊन, लेकराला सांभाळावं तसा सांभाळत बसला होता तिचा थोरला भाऊ किशोर.

किशोर अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. पाइप त्याने स्वतः बनवला होता. पुरुषाहून उंच, अ‍ॅल्युमिनियमचा, खालच्या तोंडाला पातीसारखी धार, आत घट्ट बसणारा दट्ट्या. महिनाभर पाळी संपली की तो त्यावर काम करत बसायचा. बहिणीच्या कामातलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण तिचं काम आपल्या हातच्या वस्तूवर अवलंबून आहे, याचा त्याला मनातून केवढा अभिमान होता!

"दादा, दट्ट्या अडकणार नाही ना?" तेजस्विनीने विचारलं.

"लोण्यासारखा सरकतो. तू तुझ्या गाळाचं बघ."

खैरतळे हे त्यांच्या वडिलांचं गाव. आत्या चंद्रभागा तिथली सरपंच होती. काल रात्री जेवताना तेजस्विनीने मोहिमेचा विषय काढला, तेव्हा आत्या फणकाऱ्यानेच म्हणाली होती, "त्यात काय हुडकायचं? तळं आपल्या वाडवडलांनी बांधलं. दुस्काळात दक्षिनेकडनं आले, बांध घातला, गाव वसवलं. त्याआधी हितं काय व्हतं? कुसळं अन् हरनं!"

हेच गावातला जो तो सांगायचा. आणि मग ओघानेच दुसरं वाक्य यायचं. तळ्याकाठची वस्ती मागून आलेली; ते लोक कालचे. रावजीच्या वस्तीत मात्र वेगळं सांगत. बांध कोणीही घातला असो, पाणी आधीपासून होतं आणि पाण्याकाठी माणूसही होता.

"खरं काय ते कळंल का पन त्या पायपातनं?" रावजीने वल्हं मारता मारता विचारलं.

"पाणी होतं की नव्हतं, ते नक्की कळेल," तेजस्विनी म्हणाली. "बांध घातला तेव्हा त्याचा लाल मुरूम वाहून गाळात बसलेला असणार. त्या मुरमाच्या खाली नुसती माळाची माती निघाली, तर गावाचं खरं. पाण्यातल्या गोगलगायींचे शंख निघाले, तर तुमचं."

"अन् शंक निघालं नाय तं?"

"तर तेही तसंच सांगेन, रावजीबाबा."

रावजी हसला. "सांगा की. म्हाताऱ्यानं खोटं सांगितलं आसंल तं तेबी कळू दे."

होडी गाळाला टेकली. रावजीने ती ओढून अर्धी वर घेतली, एक खुंटी ठोकली, दोर बांधला. आता पुढचा रस्ता गाळावरून!

चार रुंद फळ्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. एक पुढे टाकायची, तिच्यावर सरकायचं, मागची उचलून पुन्हा पुढे द्यायची. ऊन चढत होतं. वरची साय कडक दिसायची, पण फळीवर वजन पडलं की खालून पाणी पचकन वर यायचं. नाल्याच्या तोंडाशी शेकाट्यांचा थवा लांब लाल पायांवर उभा होता. चहूकडे पिवळ्या गवताचा माळ, त्यावर एखादी बाभूळ, आणि पार दूर डोंगरांची दातेरी ओळ. एवढ्या मोकळ्या जागेत किशोरला उगाचच कोंडल्यासारखं वाटू लागलं. फळीच्या बाहेर पाय टाकायला जागाच नव्हती.

तळ्याच्या मध्यावर पोचायला बराच वेळ लागला. तिथे तीन बांबूंची तिकाटी उभी राहिली, वर कप्पी, कप्पीतून दोर. किशोरने पाइप उभा धरला आणि घणाचे ठोके घालायला सुरुवात केली. ठण्! ठण्! पाइप बोट बोट करत खाली गेला. शेवटी ठोक्याचा आवाज बदलला. खाली काहीतरी टणक लागलं होतं.

"तळ!" तेजस्विनी ओरडली. "दादा, तळ लागला! आता वर काढायचा!"

पण पाइप वर येईना. तिघांनी दोराला लोंबकळून पाहिलं. बांबू करकरले, फळ्या गाळात दबल्या, पाइप तसूभर हलला नाही.

"शोषून धरलाय त्याला," तेजस्विनी धापा टाकत म्हणाली. "खाली पोकळी होते, हवा जात नाही. कडेनं पाणी सोडलं तर पकड सुटेल."

रावजीने होडी उपसायचा पत्र्याचा डबा बरोबर घेतलाच होता. शेजारच्या डबक्यातून डबा भरभरून तो पाइपच्या कडेने ओतू लागला, किशोर पाइप मागेपुढे हलवू लागला आणि तेजस्विनीने दोर ताणून धरला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गाळाने एक लांब ढेकर दिल्यासारखा आवाज केला, आणि पाइप सुटला!

सुटला तो एकदम, थेट गाळाबाहेर. दोराचा ताण गेला, तिकाटीचा एक बांबू घसरला, आणि भरलेला पाइप वरच्या अंगाने कलायला लागला. तेजस्विनी किंचाळली. किशोरने विचार केला नाही. तो फळीवरून उडी मारून पुढे झेपावला आणि दोन्ही हातांनी पाइप छातीशी कवटाळला.

"धरलाय! टोपण लाव! खालून टोपण लाव!"

तेजस्विनीने फळीवर पालथं पडून खालच्या तोंडावर टोपण दाबलं. दोघांनी मिळून पाइप फळीवर आडवा ठेवला. आत पुरुषभर उंचीचा गाळ, एकही थर न मोडता! किशोर मोठ्याने हसला.

मग त्याने पाय उचलायला घेतला. पाय उचलला गेला नाही.

तो मांड्यांपर्यंत गाळात होता. पुढे झुकून त्याने उजवा पाय ओढला, तसा डावा आणखी खाली गेला. डावा ओढला, तर उजवा. बघता बघता गाळ कंबरेला लागला.

"हलू नका!" रावजी गरजला. "जितकं हलाल तितकं धरंल. हात फळीव ठिवा. आसं. आता निस्तं उभं ऱ्हावा."

किशोर उभा राहिला.  गमबूट गाळाने गच्च भरले होते; पायांभोवती कोणीतरी सिमेंट ओतावं, तसं वाटत होतं. बांबूच्या तिकाटीचा दोर त्याच्या काखेतून घालून दोघांनी ओढून पाहिलं. खुब्यातून अशी कळ गेली की त्याच्या तोंडून किंकाळी निघाली.

"थांबा! पाय उपटून येईल माझा!"

"घाबरू नको, दादा," तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज मात्र घाबरलेलाच होता. "गाळ माणसाला गिळत नाही. धरून ठेवतो फक्त. आपल्याकडे वेळ आहे."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्याचा होता. पलीकडचं बोलणं फळीजवळ उभ्या किशोरलाही ऐकू येत होतं.

"तेजू, कुठं हाय तुमी? निघा तिथनं! वर पाट फुटलाय. शेतं वाचवायला पानी नाल्यात सोडून दिलंय. आत्ताच सांगावा आला. तळ्याकडं निघालंय ते!"

"आत्या, दादा गाळात अडकलाय!"

"काय? अगं—" पुढचं ऐकू आलं नाही. तेजस्विनीने फोन कानापासून दूर केला आणि ती पश्चिमेकडे बघत राहिली. नाल्याच्या तोंडाशी शांत उभा असलेला शेकाट्यांचा थवा एकदम, कोणी हाकलल्यासारखा, कर्कश ओरडत आकाशात उडाला.

पाणी आलं होतं!

ते लाटेसारखं आलं नाही. तपकिरी फेसाची एक बारीक रेघ गाळावरून सरकत आली. तिच्यापुढे वाळक्या काड्या, शेळीच्या लेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जीव घेऊन पळणाऱ्या मुंग्या. आवाज फारसा नव्हता. पहिलं पाणी किशोरच्या पोटाला लागलं तेव्हा ते उन्हाने कोमट होतं. गावाने महिनाभर ज्या पाण्याची वाट पाहिली, तेच हे पाणी.

रावजीने मागे वळून पाहिलं. होडी दूर होती. पाणी अजून तिथवर पोचलं नव्हतं, पण पोचलं की अर्धी वर ओढलेली ती होडी तरंगणार, आणि गाळातली खुंटी तिला धरून ठेवणार नव्हती.

"होडी गेली तं तिघंबी गेलो," तो म्हणाला. "मला दोन फळ्या लागतील."

म्हणजे इथे दोनच उरणार. तेजस्विनीने भावाकडे पाहिलं.

"घेऊन जा, बाबा," किशोर म्हणाला. "पळा!"

रावजी क्षणभर थांबला. त्याने किशोरच्या डोक्यावर चिखलाने भरलेला हात ठेवला. "म्या येतो माघारी. काय बी झालं तरी येतो," एवढं म्हणून तो फळ्या टाकत, जवळजवळ सरपटत निघाला.

पाणी किशोरच्या बरगड्यांना लागलं.

तेजस्विनी भावाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या जवळ ओढून गुडघ्यांवर बसली होती. तिने हाताने त्याच्या पायांभोवतीचा गाळ उकरून पाहिला. उकरावा तसा तो पुन्हा भरून यायचा. तिने ओठ चावला. तिची नजर भिरभिरत फिरली आणि फळीवर आडव्या पडलेल्या पाइपवर थांबली.

किशोरने ती नजर ओळखली.

"नाही," तो म्हणाला. "तेजू, नाही. दुसरं काहीतरी शोध."

"पायाच्या कडेनं पाणी खाली सोडलं तर पकड सुटेल. मघाशी पाइपची सुटली तशी. त्याला लांब नळी लागते, दादा. दुसरी नळी नाहीये इथे."

"पुढच्या वर्षी तो गाळच नसेल इथे!"

"तू असायला हवास!" ती ओरडली, आणि तिने टोपण काढून फेकलं. "पाइप धर. घट्ट. मी दट्ट्या रेटते."

किशोरने पाइप दोन्ही हातांनी कवटाळला. तेजस्विनीने पाय दुसऱ्या फळीला टेकवले आणि दट्ट्याच्या दांड्यावर सारं वजन टाकलं. लोण्यासारखा सरकतो म्हणाला होता तो. खरंच सरकला! सोऱ्यातून शेव पडावी तसा गाळाचा जाडजूड दंडगोल पाइपच्या तोंडातून बाहेर येऊ लागला आणि किशोरच्या नाकासमोर, फळीवर आडवा होऊ लागला.

"मला बघायला वेळ नाही," ती धापा टाकत म्हणाली. "तू बघ! खालचा थर आधी बाहेर येईल. काय दिसतं ते मोठ्यानं सांग!"

"आत्ता?"

"आत्ताच! सांग!"

किशोरने डोळे मिचकावून घाम झटकला. त्याने आयुष्यभर लोखंडाचा रंग पाहून त्याची जात ओळखली होती. चिखल तो पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होता.

"पांढरं आहे. खडीसारखं. चुनखडी असावी."

"तो मूळ माळ. पुढे!"

"काळं. एकदम काळं, ग्रीससारखं गुळगुळीत. त्यात ठिपके... तेजू, शंख आहेत! तांदळाएवढे. पुष्कळ आहेत!"

दट्ट्या क्षणभर थांबला. "नीट बघ. शंखच?"

"शंखच! वळ्या दिसतात." पाणी छातीला लागलं. त्याचा श्वास आखूड झाला. "रेट, रेट लवकर!"

"पुढे काय?"

"तपकिरी. भुसभुशीत. केसांसारखी मुळं आहेत. राख आहे, पातळ थर. ही लेंडी. शेळीची नाहीतर मेंढीची."

"म्हणजे मधे तळं आटलं होतं. कळप बसायचे इथे. पुढे!"

"परत काळं. परत शंख. आणि..." किशोरने मान पुढे केली. "माशाचा काटा आहे. कोळशाला चिकटलेला. जळालेला काटा आहे, तेजू!"

"मुरूम कुठे? लाल मुरूम?"

"अजून नाही."

"नीट बघ!"

"अजून नाही म्हणतोय ना! थांब. आला. लाल, चरचरीत. हाच मुरूम!"

"काट्याच्या वर की खाली?"

"वर! काटा खाली, मुरूम वर!"

तेजस्विनीच्या तोंडून हुंदका की हसू, काय निघालं ते कळलं नाही. तिने शेवटचा रेटा दिला. वरचा करडा, मऊ गाळ बाहेर आला, आणि त्यात प्लास्टिकचा एक निळा धागा.

"निळा धागा आहे," किशोर म्हणाला.

"ते आपण," ती म्हणाली.

दट्ट्या उपसून टाकताच पाइप रिकामा झाला. तिने तो उभा केला, किशोरच्या उजव्या मांडीला लागून गाळात खुपसला आणि गरागरा फिरवत खाली दाबला. रावजीने मागे ठेवलेल्या डब्याने ती वरच्या तोंडातून पाणी ओतायला लागली. पाण्याला आता तोटा नव्हता!

फळीवरून पाणी वाहू लागलं. गाळाचा दंडगोल एका कडेने ओला झाला, मग विरघळू लागला. आधी करडा गेला, मग लाल. किशोरने नकळत एक हात सोडून काळ्या थराभोवती आडवा धरला.

"दोन्ही हात फळीवर! सोड ते!"

"हा एवढाच तुकडा—"

"दादा, सोड!"

त्याने हात काढला. शंखांचा थर काळ्या धुरासारखा पाण्यात पसरला आणि गेला. किशोरने डोळे मिटले. पाणी गळ्याशी आलं होतं.

"उजवा पाय हलव. वर ओढू नको, नुसता हलव. घोटा फिरव."

त्याने घोटा फिरवला. आधी काहीच नाही. मग तळव्याखाली गार पाण्याची एक धार लागली. ती वर चढली, पोटरीभोवती फिरली. गाळाची मूठ जराशी सैल झाली.

"हललं! तेजू, हललं!"

"बूट सोडून दे! पाय बुटातून काढ!"

त्याने सारा जीव एकवटून पाय ओढला. गमबूट खाली राहिला, पाय सुटला! गुडघा वर घेऊन त्याने तो फळीखाली आडवा टाकला. आता डावा. तेजस्विनीने पाइप उपसायला घेतला. तो निघेना. ती हमसत, शिव्या देत, हिसके मारत राहिली. पाणी किशोरच्या हनुवटीला लागलं. त्याने मान मागे टाकली. कान पाण्यात गेले आणि जग एकदम मुकं झालं. वर नुसतं पांढरं आकाश होतं. तोंडात पाणी गेलं. तो ठसकला.

पाइप निघाला. तिने तो डाव्या बाजूला खुपसला. आता पाणी ओतायचीही गरज नव्हती. पाइपचं वरचं तोंड पाण्याखाली नेलं की ते आपोआप आत घुसत होतं. ती तरंगत्या फळीवर पालथी पडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात बुडवून तो हलवत होती. दुसऱ्या हाताने तिने भावाची हनुवटी वर धरली होती. ती काहीतरी ओरडत होती. त्याला ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसत होते. घोटा. घोटा. घोटा.

किशोरने घोटा फिरवला. नाकावरून पाणी गेलं. छाती फुटायला आली. त्याने पुन्हा फिरवला.

आणि तेवढ्यात कोणीतरी त्याच्या शर्टाची कॉलर पकडली.

रावजी होता! होडी फळीला घासत आली होती. खुंटी सुटून ती वाहायला लागली तेव्हा त्याने फळ्या टाकून पाण्यात उडी घेतली होती आणि पोहत जाऊन तिला गाठलं होतं. आता तो होडीच्या कडेवर पोट टेकवून किशोरला सरळ वर न ओढता, आडवा, पाण्याच्या पातळीत आपल्याकडे ओढत होता.

"निजा! पान्याव निजा! पाय मागं ऱ्हाऊ द्या!"

किशोर पाण्यावर आडवा झाला. डाव्या पायाला एक शेवटची, जीवघेणी ओढ लागली. बूट गेला. मोजा गेला. पाय मोकळा झाला!

दोघांनी त्याला पोत्यासारखा होडीत ओढला. तेजस्विनी मागून चढली. होडी भेलकांडली, पाणी आत आलं, आणि नाल्याच्या ओढीने तिला गर्रकन फिरवून बांधाकडे नेलं. मधे वाळक्या बाभळींची ओळ होती. काटेरी फांद्या अंगावर आल्या. रावजीने वल्ह्याने एक खोड ढकललं, दुसरं ढकललं, तिसऱ्याने त्याच्या दंडाची कातडी फाडली. मग पाणी पसरलं, ओढ मंदावली. तळाशी पडल्या पडल्या किशोर ओकला आणि मोठमोठ्याने श्वास घेत राहिला. हवा एवढी चांगली लागते, हे त्याला माहीत नव्हतं.

बांधावर अर्धं गाव जमलं होतं. आत्या साडीचा ओचा वर खोचून पाण्यात गुडघाभर उतरली होती. तिने होडी स्वतःच ओढून घेतली, किशोरचं तोंड पदराने पुसलं आणि मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"मेला आसता म्हंजे!"

किशोरला उभं राहता येईना. पाय लाकडाचे झाले होते. दोघांनी धरून त्याला बांधावरच्या कडुनिंबाखाली बसवलं. कोणीतरी घोंगडी आणली, कोणी चहा आणला. तेजस्विनी त्याच्या शेजारी बसली. तिचे दोन्ही तळहात पाइपच्या धारेने कापले होते, आणि ते तिला आत्ताच दिसत होते.

"काय गावलं का मंग?" आत्याने विचारलं. "येवढा जीव धोक्यात घातला त्याचं?"

"हातात काही नाही, आत्या. सगळं पाण्यात गेलं."

"पण मी पाहिलं," किशोर म्हणाला. त्याचा घसा घोगरा झाला होता. "बांधाच्या मुरमाखाली शंख आहेत. पाणी आधीपासून होतं. आणि तिथे कोणीतरी मासा भाजून खाल्ला होता."

 दंडाला फडकं गुंडाळणाऱ्या रावजीचा हात थांबला.

"म्हंजे आमचंच की," तो हळूच म्हणाला.

"पाण्याचं तुमचं खरं," तेजस्विनी म्हणाली. "काट्यावर कोणाचं नाव नसतं, रावजीबाबा. आणि मधे तळं आटलं तेव्हा मेंढरंवालेही बसले होते तिथे. बांध गावानं घातला, तेही खरं असेल. पण यातलं काहीच मी लिहू शकणार नाही. नमुना हातात नाही. बुडता बुडता माझ्या भावानं पाहिलं, हा पुरावा होत नाही."

"तेच म्हंते मी," आत्या ताठ्याने म्हणाली. "रुतलेल्या मानसाला काय बी दिसंल."

 तळं भरत होतं. मघाचा गाळ, फळ्या, तिकाटी, सारं तपकिरी पाण्याखाली गेलं होतं. आत्या बराच वेळ तिकडे बघत राहिली. तळ्यापलीकडच्या बोडक्या माळाकडेही तिने पाहिलं.

"कुठं काढलं व्हतं ते? जागा दावा मला."

रावजीने हात लांब केला. "त्या वाळक्या बाभळी दिसतात ना, तिथनं सरळ नाल्याकडं. मधोमध."

"तेवढ्या जागेला मशीन लावू देनार नाय मी," आत्या म्हणाली. "बाकी समदं उपसा म्हनावं. पुढं पानी आटलं की पुन्हा काढा तो गाळ. अन् मी सोता येनार बघायला. खोटं निघालं तं किशोऱ्या, तुझं काय खरं नाय!"

"खोटं निघायचं नाही, आत्या."

"बघू की."

रावजी उठला. होडीचा दोर खांद्यावर टाकून तो नेहमीसारखा काठाकाठाने वस्तीकडे वळला.

"तू कुठं चालला?" आत्याने हाक मारली. "ज्यानं मानूस आनला तोच निघाला व्हय? बस हितं. चहा घे. अन् ह्याचं समदं ऐकून जा; उद्या वस्तीत तूच इचारशील, काय काय व्हतं म्हनून."

रावजी घुटमळला. मग दोर खाली ठेवून घोंगडीच्या कडेवर टेकला. आत्याने त्याच्या हातात कप दिला आणि स्वतः समोर बसली. मागचे लोकही जवळ सरकले.

"सांग आता," ती किशोरला म्हणाली. "नीट सांग. काय सोडू नको."

किशोरने चहाचा घोट घेतला. डोळ्यांसमोर तो काळा, ओला दंडगोल जसाच्या तसा होता.

"सगळ्यात खाली," त्याने सुरुवात केली, "पांढरी खडी होती."